नियम कुणाचा? गॅरी गायगॅक्स यांच्या कारकिर्दीकडे पाहताना

मंडळी, आजचा विषय दौंडमध्ये बहुतेकांना नवा असणार, म्हणून आधी खेळ समजून घेऊ. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार. तो म्हणतो, ‘समोर पडका वाडा आहे, आतून धूर येतोय. काय करता?’ बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं : कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. चोर म्हणतो, ‘मी मागच्या भिंतीवरून चढतो.’ चढता आलं की नाही, हे फासे ठरवतात. तळकोकणातल्या दशावतारात जशी लिहिलेली संहिता नसते, कथा ठाऊक असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे नट हेच प्रेक्षक.

या प्रकारचा छापून विकला गेलेला पहिला खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, साल १९७४. तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून निघाला. त्याचे प्रकाशक आणि सहलेखक गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८). त्यांना या खेळाचा जनक म्हणतात. आम्हांला ते मुळात संपादक वाटतात, आणि हे आम्ही कमीपणा म्हणून सांगत नाही.

१९७० मध्ये त्यांची विमा कंपनीतली नोकरी गेली. घर चालवायला ते बूट दुरुस्त करत आणि एका छोट्या प्रकाशनासाठी युद्धखेळांच्या नियमपुस्तिका संपादित करत. एकेका माणसाचं पात्र घेऊन भुयारात शिरायचं, ही कल्पना मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसन यांच्या मित्रमंडळात रुजली होती. अर्नेसन यांच्याकडे खेळ होता, पण कागदावर होती ती वीसेक पानांची विस्कळीत टिपणं. गायगॅक्स यांनी त्यांतून तीन पुस्तिका उभ्या केल्या. एका नावाजलेल्या खेळ-कंपनीने नकार दिला, तेव्हा १९७३ च्या ऑक्टोबरात मित्र डॉन के यांच्याबरोबर, प्रत्येकी हजार डॉलर घालून, त्यांनी ‘टीएसआर’ ही स्वतःची संस्था काढली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. प्रती घरीच जुळवून खोक्यांत भरल्या. वर्षाच्या आत त्या संपल्या.

आता ग्रंथ म्हणून त्या पुस्तिका कशा आहेत? खरं सांगायचं तर मांडणी वाईट. लढाईचे नियम पाहायचे तर दुसरीच पुस्तिका उघडायला सांगतात. नवख्याला अर्धं कळत नाही. पण शेवटी वाचकांना सांगितलेलं आहे, की अडलं तर आम्हांला विचारत बसू नका, तुमचं तुम्ही ठरवा. लोकांनी ते मनावर घेतलं. गावोगाव खेळ वेगळा झाला, आणि त्या वेगळेपणातूनच वाढला.

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचे तीन जाडजूड ग्रंथ काढले. त्यांत सूर बदलला. सूत्रधारासाठीच्या १९७९ च्या ग्रंथात सगळीकडे एकसारखेपणा राहावा असा आग्रह आहे. त्याची त्यांची कारणं होती : स्पर्धा घ्यायच्या, आणि एका शहरातल्या खेळाडूला दुसऱ्या शहरात परकं वाटू नये. हे कारण आपल्याला पटण्यासारखं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले ते कशासाठी? दोन गावांचे संघ समोरासमोर यावेत म्हणूनच ना?

पण इथे थांबून बघा. खो-खोत निकाल लावायचा असतो. तिथे नियम सारखा नसेल तर निकालाला अर्थ उरत नाही. स्पर्धा सोडल्या तर या खेळात कुणी कुणाला हरवत नाही. तिथे नियम न्यायाधीश नसतो, गोष्ट पुढे नेणारा सोबती असतो. म्हणून एकसारखेपणाची गरज खेळापेक्षा प्रकाशनाला जास्त होती, असं आमचं मत आहे. त्यातच नवी आवृत्ती हा वेगळाच खेळ आहे, ही कंपनीची भूमिका मानधनाच्या प्रश्नाशी जोडलेली होती. अर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेले, १९८१ मध्ये तडजोड झाली. इथे प्रकाशक संपादकावर चढला.

पुढचं ऐका. १९८५ मध्ये कंपनीची सूत्रं गायगॅक्स यांच्या हातून गेली. १९९२ मध्ये त्यांनी दुसऱ्या प्रकाशकाकडून ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ काढला, तर टीएसआरने त्यांच्यावरच दावा लावला. १९९४ च्या तडजोडीत त्या खेळाचे हक्कही टीएसआरने विकत घेतले. याला कुणी काव्यात्म न्याय म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. माणसाने केलेलं काम त्याच्याच हातून काढून घेतलं गेलं, यात न्याय कसला? पण नियम मालकीचा केला की तो मालकाबरोबर फिरतो, करणाऱ्याबरोबर नाही, एवढं यातून स्पष्ट दिसतं.

या गृहस्थांनी स्वतः किती उसनं घेतलं होतं! १९७९ च्या त्याच ग्रंथात त्यांनी प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादी दिलेली आहे. मोकळ्या मनाच्या संपादकाची ती खूण. टॉल्किन यांच्या ‘हॉबिट’ला मात्र हक्कांच्या आक्षेपामुळे आधीच ‘हाफलिंग’ व्हावं लागलं होतं. देणं-घेणं मोकळं असताना खेळ जन्मला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

२०२३ च्या जानेवारीत, खेळाडूंच्या मोठ्या विरोधानंतर, तेव्हाच्या मालकांनी या खेळाचे मूळ नियम कुणालाही वापरता येतील अशा परवान्याखाली खुले केले. गायगॅक्स तेव्हा नव्हते. १९७४ च्या पुस्तिकेतलं त्यांचं सांगणं असं उशिरा पाळलं गेलं. त्यांचं मूल्यमापन करताना १९७७ ते १९७९ मधल्या ग्रंथांची भव्यता आम्हीही मानतो. तरी वरचा क्रम आम्ही त्या तीन ओबडधोबड पुस्तिकांनाच देऊ.

आता तुमचे प्रश्न घेऊ.