किनाऱ्यावरून ऐकलेले वादळ

मराठी गाण्यात पाऊस पडतो तो बहुधा बेताने. पाडगावकरांच्या शब्दांतला, खळ्यांच्या चालीतला आणि लताबाईंच्या गळ्यातला श्रावण घ्या किंवा सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा 1998 चा ‘गारवा’. पावसाने आठवणी जाग्या करायच्या आणि मातीला वास आणायचा, एवढेच त्याच्याकडे काम. घराची कौले उडवणारा, होडी उलथवणारा पाऊस या गाण्यांच्या अंगणात शिरत नाही. ना. धों. महानोर तर कोरडवाहू शेतीचे कवी. पण ‘जैत रे जैत’मध्ये तेही आभाळ खाली उतरवतात ते शृंगारासाठी.

रागसंगीताला ही अडचण नाही. मियाँ मल्हारात मंद्रातले दोन निषाद एकमेकांना खेटून आंदोलत राहिले, की लांबवर ढग गुरगुरल्याचा भास होतो, आणि त्याला शब्दांची गरजही पडत नाही.

शब्दांतले वादळ भेटते ते कोळीगीतात. गंमत म्हणजे त्यातले सर्वांत गाजलेले वादळ लिहिणाऱ्या शांता शेळके इंदापूरच्या, म्हणजे घाटावरच्या. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींसाठी त्यांनी कोळ्यांची बोली उचलली. त्यातली दोन गाणी शेजारी ठेवून ऐकावीत. हेमंतकुमार आणि लताबाईंच्या ‘मी डोलकर’मध्ये डोल जाळे टाकणाऱ्याची ऐट आहे. ‘वादळवारं सुटलं गो’मध्ये ती ऐट पार विरते. धनी दर्यात, बाई घरात, आणि मध्ये काळोख. लाटा किती उंच होत्या हे कळत नाही, कळते ती तिच्या जिवाची घालमेल. गाण्याचे बळ इथेच आहे आणि त्याची सीमाही इथेच. वादळ किनाऱ्यावरून ऐकू येते. सुकाणू धरलेल्या तांडेलाच्या तोंडून नाही.

पुढे कॅसेटचा जमाना आला. वेसावकर आणि मंडळींसारख्या संचांनी कोळीगीत घराघरांत नेले, हळदीला आणि वरातीला बसवले. ठेका टिकला, धास्ती ओसरली. त्यावर नाचणाऱ्यांना दोष कशाला द्यायचा? पण दर्याचे गाणे केवळ नाचाचे झाले, हे खरेच.

एवढ्यात खरी वादळे थांबली नव्हती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’च्या तडाख्यात मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला, सत्तरहून अधिक माणसे गेली. यातले एकही संकट लोकांच्या ओठी बसलेल्या गाण्यात उतरलेले नाही.

दुसरीकडे असे गाणे झाले आहे. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात 10 नोव्हेंबर 1975 ला ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज वादळात बुडाले, 29 जण गेले. कॅनडाच्या गॉर्डन लाइटफुट यांनी पुढच्याच वर्षी त्यावर जहाजाच्या नावासकट गाणे केले. अपघाताचे कारण वेगळे असावे असे नंतर पुढे आले, तेव्हा खलाशांवर ठपका नको म्हणून 2010 पासून ते एक ओळ बदलून गाऊ लागले. गाण्याने घटनेची इतकी चाड बाळगावी! मराठीला हे परके नाही. तारीख, ठिकाण, माणसांची नावे डफावर सांगण्याची रीत पोवाड्यात मुरलेली आहे. भावगीताने ती घेतली नाही, इतकेच.

आता तर गाण्यांचे पंचांगही जुने झाले आहे. कोळीगीतातला दर्या नारळी पुनवेला नारळ घेऊन शांत होतो आणि होड्या निघतात. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदीही साधारण जून आणि जुलै या महिन्यांतच असते. पण ‘फयान’ आले 2009 च्या नोव्हेंबरात, ‘तौक्ते’ मे महिन्यात. दोन्ही वेळा मासेमारीचा हंगाम चालू होता.