दामाजीपंतांचा दुष्काळ : एक कालचिकित्सा

मंगळवेढें हें गांव पंढरपुराहून एका मजलेच्या आंत असल्यामुळें त्याचा इतिहास संतचरित्रांच्या प्रकाशांत जितका उजळला, तितकाच त्या प्रकाशानें झांकोळलाहि गेला. या गांवच्या दुष्काळाची हकीगत महाराष्ट्रांत घरोघरीं माहीत आहे. परंतु तो दुष्काळ कोणत्या शकांत पडला, किती वर्षें टिकला आणि त्यांत किती माणसें मेलीं, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्या हकीगतींत नाहीं. कथेच्या माहात्म्यास बाध न आणतां तिच्यांत इतिहासाचा अंश किती, एवढेंच येथें पहावयाचें आहे.

मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांनीं दुष्काळांत बादशहाचीं धान्याचीं कोठारें भुकेल्यांस खुलीं केलीं; चुगली बेदरास पोंचली; पंतांस धरून आणण्याचा हुकूम सुटला; आणि पांडुरंगानें विठू महाराच्या वेषानें दरबारीं जाऊन धान्याची किंमत भरली व पावती घेतली, ही कथा सर्वश्रुत आहे. आज ती ज्या रूपानें रूढ आहे, तें मुख्यतः महीपतींच्या भक्तविजयांतलें. तो ग्रंथ शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ मधला. नाभाजी व उद्धवचिद्घन हे आपले आधार असल्याचें महीपतींनीं स्वतःच सांगितलें आहे. परंतु हे आधारहि चरित्रकारांचेच, दप्तराचे नव्हेत. भक्ताची निष्ठा सांगणें हा ज्या ग्रंथाचा हेतु, त्याजकडे शक व मिति मागणें हा आपलाच अविवेक होय.

कालाविषयीं दोन मतें प्रचारांत आहेत. एक मत या कथेचा संबंध दुर्गादेवीच्या दुष्काळाशीं जोडतें. ग्रँट डफ यांनीं १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत हा दुष्काळ इ. स. १३९६ पासून बारा वर्षें चालल्याचें म्हटलें आहे. दुसरें मत शके १३८२, म्हणजे इ. स. १४६० चें, इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत त्या वर्षाच्या अवर्षणास दामाजीपंतांचेंच नांव दिलेलें आढळतें.

पहिल्या मतावर मुख्य आक्षेप राजधानीचा. १३९६ ते १४०७ या काळांत बहामनी तख्त कलबुर्ग्यास होतें. बेदरास तें नेलें अहमदशहानें, आणि त्याची कारकीर्द १४२२ पासूनची. कथेंत मात्र चुगली जाते ती बेदरास, आणि पावती मिळते तीहि बेदरींच. यावर कोणी म्हणेल कीं, पुढील कथाकारांच्या तोंडीं बेदर हेंच नांव बसलें होतें, म्हणून त्यांनीं मागील काळासहि तेंच लाविलें. ही शंका अगदींच टाकाऊ नाहीं. तथापि कथेंतील एकुलती एक ऐतिहासिक खूण तीच असतां तीहि सोडून द्यावयाची, तर मग १३९६ धरण्यास तरी आधार कोणता उरतो?

दुसरी गोष्ट 'बारा वर्षां'ची. संस्कृत वाङ्मयाशीं परिचय असलेल्यांस हा आंकडा ऐकतांच सावध व्हावें लागतें. महाभारताच्या शांतिपर्वांतील विश्वामित्राची क्षुधाकथा घडते ती द्वादशवार्षिक अनावृष्टींतच. भद्रबाहूंच्या वेळचा जैन परंपरेंतील दुष्काळहि बारा वर्षांचाच. हा आंकडा घोर दुष्काळाचें विशेषण आहे, मोजमाप नव्हे. परंतु आंकडा सांकेतिक म्हणून आपत्तीहि काल्पनिक, असें अनुमान काढणें तर्कदुष्ट होईल. त्या दुष्काळानंतर मुलूख ओसाड पडल्याचें व तीस वर्षांहून अधिक काळ वसूल जेमतेमच येत असल्याचें डफ सांगतात. छत्तीसगडांतील दंडक गुहेमधील चुनखडीच्या थरांवरून २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतहि चौदाव्या शतकांत व पंधराव्याच्या मध्यास पर्जन्य क्षीण असल्याचें दिसून आलें. दगडाची ही साक्ष दोन्ही मतांस सारखीच अनुकूल आहे. म्हणून तिजवरून निवाडा होत नाहीं, परंतु कथेची पार्श्वभूमि मात्र खरी ठरते.

कोठारांची गोष्टहि असंभाव्य नाहीं. मंगळवेढ्याची काळी जमीन रब्बीच्या ज्वारीची. परतीच्या पावसाची ओल जमिनींत मुरली तर पीक, न मुरली तर कांहीं नाहीं. अशा मुलखांत एका सुगीचें धान्य पुढील सालांसाठीं साठवून ठेवणें हीच दुष्काळाविरुद्धची तटबंदी असे. शिवाय राजानें दुष्काळांत धान्य पुरविणें त्या दरबारास अपरिचित नव्हतें : १३९७ मध्यें वारलेल्या दुसऱ्या महंमदशहानें दहा हजार बैल लावून माळवा-गुजरातेंतून धान्य आणविल्याचें फेरिस्ता लिहितो. तेव्हां दामाजीपंतांचा अपराध अन्नदानाचा नव्हे, हुकुमावांचून केलेल्या अन्नदानाचा होता. त्यांचें धैर्य येथें आहे. आणि तें दिसण्यास चमत्काराची गरज नाहीं.

एकंदरींत १४६० हें वर्ष अधिक ग्राह्य वाटतें. मात्र तें अनुमान म्हणूनच लिहावें, प्रमाण म्हणून नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच. याच गांवीं परंपरेप्रमाणें शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्यें, कुसूं बांधतां बांधतां कोसळलें व चोखामेळा त्याखालीं सांपडले. नामदेवांनीं विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्यांच्या अस्थि ओळखल्या, असें सांगतात. अस्थि ओळखाव्या लागल्या, याचा अर्थ तेथें दुसऱ्यांच्याहि अस्थि होत्या. त्या मजुरांचीं नांवें कोणीं सांगितलीं नाहींत. आणि ज्यांच्यासाठीं कोठारें उघडलीं, त्यांचींहि नाहींत. चरित्रकारांनीं संत राखले; त्यांच्या शेजारचीं माणसें राखणें हें काम आपलें.

त्याचीं साधनें पोथ्यांत नाहींत, रुमालांत आहेत. 'दुष्काळ पडला, पोरेंबाळें उपाशीं मरूं लागलीं, म्हणून वतन विकलें' अशा अर्थाचा मजकूर सतराव्या शतकापासूनच्या खरेदीखतांत वारंवार येतो. त्या खतांत शक असतो, मिति असते, विकणाराचें नांव असतें आणि साक्षीदारहि असतात. वसुलांतील सुटीचे कागद व कुलकर्ण्यांचे ताळेबंद यांचीहि तीच योग्यता. संग्राहक मंडळी सचित्र पोथीसाठीं मैलोगणती जातात आणि त्याच घरच्या माळ्यावरील असलीं खतें वाण्याच्या पुडीस जाऊं देतात. पोथीची दुसरी प्रत सांपडूं शकते. खताची दुसरी प्रत बहुधा नसते. मंगळवेढ्यासारख्या गांवच्या आपत्तींचा इतिहास कधीं लिहिला गेलाच, तर तो या मळक्या कागदांवरूनच लिहिला जाईल. म्हणून ते हातीं येतील तसे उतरून घेऊन प्रसिद्ध करावे, एवढी संग्राहकांस विनंति आहे.