घरचे मैदान, परके गाव

नाटकाचे परीक्षण होते, गाण्याच्या मैफलीचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. खेळाच्या हंगामाचे मात्र आपल्याकडे वार्तांकन होते. परीक्षण होत नाही. कोण जिंकले आणि किती गुणांनी जिंकले, एवढे कळले की वाचकाची जिज्ञासा शमली, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः तीन महिने चालणाऱ्या आणि वीस-बावीस सामन्यांतून आकार घेणाऱ्या हंगामाला आरंभ असतो, पेच असतो, उत्कर्ष असतो. त्याला स्वतःचे एक रूप असते, आणि जेथे रूप आहे तेथे समीक्षेला वाव आहे. प्रस्तुत लेखात बेंगळुरू बुल्स या व्यावसायिक कबड्डी संघाचा २०१८-१९चा विजयी हंगाम या दृष्टीने पाहण्याचा विचार आहे.

हा हंगाम निवडण्यास विजेतेपद हे एकमेव कारण नाही. बंगळूरचे नाव धारण करणाऱ्या या संघाने त्या वर्षी आपले ‘घरचे’ सामने बंगळुरात खेळलेच नाहीत. ते त्याने पुण्याला, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ साली, त्याचे घर नागपूर होते. ज्यांचे आयुष्य बदलीच्या हुकुमांवर चालले आहे, त्या आपल्या वाचकवर्गाला यातील प्रश्न निराळा फोडून सांगावयास नको. एका गावचे नाव लावून दुसऱ्या गावी केलेल्या कामाचे श्रेय आणि दायित्व कोणत्या गावाकडे जाते?

प्रथम खेळाविषयी. कबड्डी भारतात अनेक प्रांतांत अनेक नावांनी खेळली जाई; परंतु तिला नियमांची शिस्त लावण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत कबड्डी होती. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकांच्या खेळाचे स्थान मिळाले. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेने त्याच्यावरील माती झाडून त्याला रंगीत मॅटवर आणि दिव्यांच्या झोतात आणले. मातीवरचा खेळ मॅटवर आला तेव्हा काही गमावले, काही साधले. पूर्वी चढाईची मर्यादा चढाईपटूच्या दमाने ठरत असे; आता ती तीस सेकंदांच्या घड्याळाने ठरते. छातीतला श्वास हे ज्या खेळाचे मूळ मापन, तेथे घड्याळाने हुकूम चालवावा हे जुन्या रसिकाला खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. परंतु प्रेक्षकाला श्वास दिसत नाही, घड्याळ दिसते, हेही तितकेच खरे.

या खेळाच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जी फारशा अन्य खेळांत आढळत नाही. येथे बाद झालेला खेळाडू कायमचा जात नाही. आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपला की बाहेर बसलेला एक जण जिवंत होऊन परत येतो. जुन्या काळी ज्या प्रकारात ही सोय होती त्याला ‘संजीवनी’ म्हणत. नाव किती समर्पक होते! त्यामुळे सामन्याची गती सरळ रेषेत जात नाही. सातांचा संघ दोनांवर येतो, लोण चढणार असे वाटते, आणि त्या दोघांनी मिळून एक पकड साधली की चित्र पालटते. कमी गडी उरलेल्या संघाच्या पकडीला अधिक गुण देणाऱ्या आधुनिक नियमाने तर दुर्बलाच्या प्रतिकाराला दुप्पट मोल दिले आहे.

आता हंगामाकडे वळू. स्पर्धेचा हा सहावा हंगाम ७ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाला आणि ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत, वरळी येथे संपला. बारा संघ दोन गटांत विभागले होते. बेंगळुरू बुल्सने ब गटात अग्रस्थान मिळविले. पहिल्या पात्रता लढतीत कोची येथे त्यांनी गुजरात फॉर्च्युनजायंट्सचा ४१-२९ असा पराभव केला, आणि अंतिम सामन्यात पुन्हा त्याच गुजरातशी त्यांची गाठ पडली. मध्यंतरास गुजरात १६-९ असा पुढे होता. उत्तरार्धात बंगळूरने हा फरक भरून काढला आणि सामना ३८-३३ असा जिंकला. या अडतीस गुणांपैकी बावीस एकट्या पवन सेहरावतचे होते.

या अंतिम सामन्यात दोन जुनी कथासूत्रे एकत्र येतात, आणि त्यामुळेच त्याला नाट्याची पातळी लाभते. पहिले सूत्र संघाचे. २०१५ साली याच मुंबईत बंगळूरचा संघ अंतिम सामना यू मुंबाकडून ३६-३० असा हरला होता. दुसरे सूत्र पवनचे. तो आरंभी बंगळूरकडे होता. २०१७च्या हंगामात तो गुजरातकडे गेला आणि तेथे त्याला मोजकीच संधी मिळाली. एका वर्षाने तो बंगळूरला परतला, त्या हंगामात चढाईचे २७१ गुण मिळवून साऱ्या स्पर्धेत अग्रेसर ठरला, आणि ज्या संघाने त्याला बाजूस बसविले त्याच्याचविरुद्ध त्याने निर्णायक खेळ केला. कादंबरीकाराने असा योग रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. गुजरातच्या बाजूने पाहिले तर ही लागोपाठ दुसऱ्या वर्षीच्या अंतिम पराभवाची शोकांतिका आहे, आणि चांगल्या समीक्षकाने तिकडेही पाहिले पाहिजे.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल ही तीन लयतत्त्वे मांडली. आकाशवाणीच्या नोकरीत गावोगाव बदल्या भोगलेल्या त्या कवीची परिभाषा एका भटक्या संघाला लावली तर ती अस्थानी वाटू नये. विरोधाची लय या हंगामात भरपूर आहे : पवनची उसळती, रक्षकांच्या डोक्यावरून झेप घेणारी चढाई आणि महेंदर सिंगसारख्या रक्षकाची दबा धरून बसलेली स्तब्धता. संवादाचीही आहे. कर्णधार रोहित कुमार स्वतः नामांकित चढाईपटू. परंतु पवनचा सूर लागल्यावर त्याने मुख्य भूमिका सोडून साथीची भूमिका पत्करली. मुख्य गायकाने तंबोरा हाती घ्यावा, तशातलाच हा त्याग होता, आणि कर्णधाराच्या संयमाविना हा हंगाम उभा राहिला नसता. उणीव आहे ती समतोलाची. अंतिम सामन्यातील निम्म्याहून अधिक गुण एकट्या खेळाडूच्या नावावर असणे हे त्या खेळाडूचे वैभव असले, तरी संघाच्या रचनेतील ते व्यंग आहे. ते त्या दिवशी झाकले गेले. पुढे उघडे पडले. २०१९च्या हंगामात पवनने चढाईचे ३४६ गुण मिळविले, म्हणजे स्वतःचाच उच्चांक मागे टाकला. तरीही संघ उपांत्य फेरीत दिल्लीकडून हरला. २०२२च्या लिलावात तो अन्य संघाकडे गेला, आणि २०२४ साली बंगळूरचा संघ तळाला पोहोचला.

येथपर्यंतचे परीक्षण खेळाच्या अंतर्गत निकषांवर झाले. कलावादी समीक्षक येथेच थांबेल. परंतु फडके-खांडेकरांच्या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला दुसरा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही : या संघाचे बंगळूरशी नाते काय?

या प्रश्नावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पवन आणि रोहित दिल्लीकडचे, प्रशिक्षक रणधीर सिंग उत्तरेचे, संघात सांगली जिल्ह्यातील कासेगावचा काशिलिंग आडके. मग यात बंगळूर कोठे आहे? लिलावात विकत घेतलेल्या माणसांनी पाठीवर गावाचे नाव छापले म्हणून ते गावाचे होतात काय? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसला, तरी मला तो मान्य होत नाही. जन्म हाच जर नात्याचा पुरावा मानावयाचा, तर परजिल्ह्यांत आणि परप्रांतांत सेवा केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे काम उपऱ्याचे ठरेल. ज्या तालुक्याच्या दुष्काळात आपण वणवण केली, तो तालुका आपल्या जन्मगावाइतकाच आपला होतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. रणधीर सिंग पहिल्या हंगामापासून या संघाबरोबर होते. २०१५चा पराभव त्यांनी पाहिला, नागपूर आणि पुण्याचे मुक्काम त्यांनी काढले. निष्ठा जन्मदाखल्यावर लिहिलेली नसते. ती अशा वर्षांच्या बेरजेतून दिसते. तेव्हा खेळाडू बाहेरचे होते म्हणून हा विजय बंगळूरचा नव्हे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु नात्याला दुसरीही बाजू आहे, आणि या हंगामाची खरी उणीव तेथे आहे. परगावाहून आलेला अधिकारी त्या गावाचा होतो तो तेथे राहून. त्याची माणसे त्याला रोज भेटतात, त्याच्यावर रागावतात, त्याला जाब विचारतात. बंगळूरच्या प्रेक्षकाला त्या वर्षी आपल्या संघाला जाब विचारण्याची सोय नव्हती. कंठीरव स्टेडियममधून घरी परतताना ‘आज रोहितने पवनला उशिरा धाडले’ असे शेजाऱ्याशी वाद घालण्याचे सुख त्याला मिळाले नाही. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने रसाची निष्पत्ती सहृदयाच्या ठायी मानली आहे. नट कितीही थोर असला तरी प्रेक्षागृहावाचून प्रयोग पुरा होत नाही. पुण्याचा प्रेक्षक रसिक नव्हता असे कोण म्हणेल? परंतु त्याचा स्वतःचा पुणेरी पलटण हा संघ होता. बंगळूरचा संघ त्याच्या दारी पाहुणाच होता. कारणे कोणतीही असोत, ज्या शहराच्या नावाने हंगाम जिंकला त्या शहराला तो पडद्यावर पाहावा लागला.

या विधानाची उलट बाजू पुढे तीन वर्षांनी पाहावयास मिळाली. महामारीच्या काळात, डिसेंबर २०२१ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत, संपूर्ण स्पर्धा बंगळुरात व्हाइटफील्ड येथील एका हॉटेलच्या आवारात, प्रेक्षकांना प्रवेश न देता खेळविली गेली. सारे बारा संघ एका गावात, आणि गाव दाराबाहेर! पूर्वी संघ शहरापासून दूर होता. आता तो शहरात असूनही शहराला दुरावला होता. अंतिम सामन्यात दिल्लीने पाटण्याला अवघ्या एका गुणाने, ३७-३६ असे हरविले. एवढा अटीतटीचा सामना, परंतु त्याला उसासे नव्हते की टाळ्या नव्हत्या. घर म्हणजे पत्ता नव्हे, हे तेथे सिद्ध झाले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धेचा नवा हंगाम कंठीरव स्टेडियममध्येच, प्रेक्षकांच्या उपस्थितीत सुरू झाला, तेव्हा ही तूट काही अंशी भरून निघाली. पण तोपर्यंत पवन दुसऱ्या संघात होता. ज्याने विजेतेपद मिळवून दिले तो गेल्यावर प्रेक्षक आला, हा योगही नोंदण्याजोगा आहे.

तेव्हा २०१८-१९च्या या हंगामाविषयी निर्णय काय द्यावा? खेळ म्हणून तो उच्च कोटीचा आहे, नाट्य म्हणून त्याहूनही उच्च. समतोलाची उणीव लक्षात घेऊनही त्याचे स्थान ढळत नाही. परंतु बंगळूर नगराची कृती म्हणून तो अपुरा राहिला, आणि हा अपुरेपणा खेळाडूंच्या नावे लिहिता येणार नाही. त्यांनी नाव पत्करले आणि परक्या गावी राहून त्याची लाज राखली. उणे पडले ते व्यवस्थेचे. माणसाला नवे गाव देताना त्या गावाशी त्याची गाठ पडेल एवढी तजवीज करणे हे बदलीचा हुकूम काढणाऱ्याचे काम आहे. आपल्या कचेऱ्यांत ही गोष्ट बहुधा विसरली जाते. क्रीडासंस्थांतही ती विसरली जावी याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, खेद मात्र वाटतो.