हिशेब विचारण्याची भीड

नोव्हेनात इरावडी रोडवर रेन ची कम्युनिटी हॉस्पिटल आहे. या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख, बौद्ध भिक्षू मिंग यी, देणग्या जमवण्यासाठी टीव्हीवर जिवावरचे खेळ करून दाखवत. लोकांची त्यांच्यावर श्रद्धा होती. २००९ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. संस्थेचे ५०,००० डॉलर परवानगीविना आपल्या साहाय्यकाला कर्जाऊ दिल्याचं आणि त्याबद्दल धर्मादाय आयुक्तांना खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं. त्याआधी नॅशनल किडनी फाउंडेशनच्या टी. टी. दुराईंनी वृत्तपत्रावर अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि त्याच खटल्यात २००५ मध्ये त्यांची वर्षाची मिळकत ६ लाख डॉलरच्या घरात असल्याचं बाहेर आलं. दोन्ही संस्थांना रीतसर संचालक मंडळ होतं. सभाही होत होत्या.

२००७ साली सिंगापूरच्या चॅरिटी कौन्सिलने धर्मादाय संस्थांसाठी सुशासनाची संहिता काढली. ती पुढे सुधारत गेली. अलीकडची आवृत्ती २०२३ ची. तिचं तत्त्व साधं आहे: पाळा, नाहीतर का पाळलं नाही ते सांगा. खजिनदाराने सलग चार वर्षांपेक्षा जास्त काळ त्या पदावर राहू नये, हा तिच्यातला एक नियम. संहितेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शिकवण्याबद्दल. मी पाहिलेल्या वर्गांत विश्वस्तांना तक्ता कसा भरायचा हे नीट समजावतात; पण ज्याच्याबद्दल आदर आहे त्याला प्रश्न कसा विचारायचा, हे कुणी शिकवत नाही. वरच्या दोन्ही प्रकरणांत नेमकं तेच कमी पडलं होतं.

आपल्या मराठी मंडळांत ही अडचण दुप्पट होते. ‘हिशेब मागणे’ या शब्दांतच आपल्याकडे संशय आहे. ज्यांच्या घरी दिवाळीचा फराळ केला, त्यांना गणेशोत्सवाच्या खर्चाची पावती कशी मागायची? मग सूचक, अनुमोदक, टाळ्या, आणि ताळेबंद मंजूर. घोटाळा नसतोच बहुधा. पण असता तरी कळला नसता.

प्रश्नाची किंमत असते, हे खरं. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांनी बाहेरची कामं करून मिळकत घ्यावी का, यावर कडाक्याचे वाद झाले. १८९० मध्ये टिळक प्रदीर्घ राजीनामापत्र लिहून बाहेर पडले. मित्र दुरावले, संस्था मात्र टिकली. मुद्दे कागदावर मांडले गेले म्हणून आज आपण ते तपासू तरी शकतो.

नियमाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चार वर्षांनी खजिनदार बदलतोच म्हटलं, की बदलण्यात अपमान उरत नाही. प्रत्येक सभेत प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचाच म्हटलं, की विचारणारा आगाऊ ठरत नाही. नियम भीड मोडतो, तीही माणसं न दुखावता.

म्हणून वर्गात तक्त्याऐवजी गेल्या वर्षीचा ताळेबंद ठेवावा. नव्या सभासदाने तीन प्रश्न विचारावेत, खजिनदाराने उत्तरं द्यावीत आणि दोन्ही इतिवृत्तात लिहावीत. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल. तिसऱ्या वर्षी कुणाला त्याचं काही वाटणार नाही, आणि प्रामाणिक खजिनदाराला तर ते हवंच असतं. आपलं काम कुणीतरी नीट पाहिलं, एवढी पोचपावती त्याला टाळ्यांतून कधीच मिळत नाही.