कोड सापडला, पण कारण?

जीना कोलाटा यांचं ‘फ्लू’ हे पुस्तक १९९९ साली आलं. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि ती घडवणाऱ्या विषाणूचा शोध, असा त्याचा विषय. कोलाटा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या विज्ञान पत्रकार. कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकल्या, विषाणूशास्त्राचा कोर्सही केला, पण त्यात या साथीचा साधा उल्लेखही नव्हता, असं त्या सुरुवातीलाच सांगतात. कोट्यवधी माणसं मेली आणि अभ्यासक्रमाला पत्ताच नाही! इथून सुरू झालेलं पुस्तक मग हातातून सुटत नाही.

त्याचं मोठं श्रेय योहान हुल्टिन यांना. अलास्कातल्या ब्रेविग मिशन या वस्तीत नोव्हेंबर १९१८मध्ये ८० प्रौढांपैकी ७२ जण दगावले आणि कायम गोठलेल्या जमिनीत पुरले गेले. १९५१मध्ये तरुण हुल्टिन तिथे गेले, थडगं उकरून फुफ्फुसांचे तुकडे आणले, पण प्रयोगशाळेत विषाणू काही जगला नाही. १९९७मध्ये जेफ्री टॉबेनबर्गर यांनी सैन्याच्या संग्रहात जपलेल्या एका सैनिकाच्या फुफ्फुसातून विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचले. ते कळल्यावर ७२ वर्षांचे हुल्टिन स्वतःच्या खर्चाने, बायकोची बागेतली कात्री घेऊन, पुन्हा ब्रेविगला गेले. या वेळी नमुना कामी आला. दुसरीकडे नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटावर मोठा लवाजमा घेऊन गेलेल्या मोहिमेच्या हाती फारसं लागलं नाही. हा विरोधाभास कोलाटांनी मस्त रंगवलाय.

माझी तक्रार इथेच सुरू होते. हे सगळं डिटेक्टिव्ह कथेसारखं रचलंय: एक खुनी आहे, तो लपलाय, तो सापडला की प्रकरण मिटलं. कोडं अजून सुटलेलं नाही, हे कोलाटा शेवटी प्रामाणिकपणे मान्य करतात. पण तीनशे पानांनी वाचकाला जी सवय लावलीय, ती शेवटच्या प्रकरणाने जात नाही. थोडी जनुकं वाचायची राहिलीत, ती वाचली की उत्तर मिळेल, असंच वाटत राहतं.

ती वाचून झाली २००५मध्ये. फ्लूच्या विषाणूत आठ तुकडे, मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. टेक्स्ट फाइल केली तर १४ केबीसुद्धा भरणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो याहून मोठा असतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसीमध्ये हा विषाणू पुन्हा तयार करण्यात आला आणि त्याने उंदीर मारले. मग एकेक जनुक बदलून पाहिलं. काहींमुळे मारकपणा बराच घटला, पण पूर्ण तीव्रता आठही जनुकं एकत्र असतानाच दिसली. ‘हीच ती ओळ’ म्हणून बोट ठेवावं, असं काही मिळालं नाही. पुढे २००८मध्ये टॉबेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९१८-१९मधल्या ५८ शवविच्छेदनांचे नमुने पुन्हा तपासले. सगळ्यांत जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या. म्हणजे विषाणूने दार फोडलं आणि घशात-नाकात आधीपासून बसलेले जिवाणू आत शिरले. खुनी एकटा नव्हता.

दिवसभर कोड वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. सोर्स कोड समोर असतो, तरी सर्व्हर का पडला ते कळत नाही. कारण कोड कुठल्या मशिनवर, किती लोडखाली चालत होता, ते त्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

१९१८ची मुंबई घ्या. भारतात या साथीत १.२ ते १.८ कोटी माणसं मेल्याचे अंदाज आहेत, तरी या पुस्तकात मुंबईवर वेगळं प्रकरण नाही. शहरातल्या तेव्हाच्या नोंदींत युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३ आहे आणि ज्यांना ‘लो कास्ट हिंदू’ म्हटलंय त्यांचा हजारी ६१.६. विषाणू जात विचारून जनुकं बदलत नव्हता. फरक होता खोल्यांचा, दाटीचा, पोटातल्या अन्नाचा आणि आजारपणात पाणी द्यायला कुणी उभं आहे की नाही याचा. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागलं. ६१.६चं कारण ब्रेविगच्या बर्फात सापडणार नव्हतंच.

शिवाय हा खुनी पकडून कोठडीत टाकण्यासारखाही नाही. स्वतःची नक्कल करताना तो चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, म्हणून सतत बदलतो. १९५७मध्ये १९१८च्या वंशातल्या विषाणूने पक्ष्यांच्या फ्लूकडून तीन जनुकं घेतली, १९६८मध्ये पुढच्या पिढीने दोन, आणि नव्या साथी आल्या. २००९मध्ये ज्या स्वाइन फ्लूने पुण्यातल्या शाळा बंद पाडल्या, त्यातही १९१८चा वारसा होता. ‘तो विषाणू’ असं एकवचन वापरलं की हे सगळं नजरेआड होतं.

तरीही ‘फ्लू’ वाचाच. विज्ञान चिकाटीने, नशिबाने आणि कधीकधी बागेतल्या कात्रीने कसं पुढे जातं, हे इतकं छान सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. फक्त मिटताना मुंबईचे ते दोन आकडे शेजारी ठेवा. पुढची साथ येईल तेव्हा तिचा जीनोम काही दिवसांत आपल्या फोनवर असेल. कोण जगलं, कोण मेलं, हे मात्र वॉर्डावॉर्डात जाऊनच मोजावं लागेल.