जमिनीखालचा उजेड

हैदराबाद मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील सुमारे 69 किलोमीटरांत एकही भूमिगत स्थानक नाही. व्यापाऱ्यांचा विरोध असूनही सुलतान बाजारातील मार्ग उन्नतच राहिला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तेथून गाडी धावू लागली. भूमिगत स्थानकाचे वास्तू म्हणून मूल्यमापन करायचे, तर आपल्याला उदाहरण पुण्याचे घ्यावे लागते.

पुण्याचे जिल्हा न्यायालय स्थानक या दृष्टीने लक्षणीय आहे. वनाझ–रामवाडी मार्ग येथे उंचावरून जातो. पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्ग सुमारे 33 मीटर खोलीवरून. दोन्ही अनुभव एकाच वास्तूत लाभत असल्याने येथे तुलना कल्पनेवर सोडावी लागत नाही.

या स्थानकाचे खरे यश त्याच्या खोलीत नाही, उजेडात आहे. छतातून येणारा सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत पोहोचावा, अशी त्याची रचना आहे. आपल्या बारवांना हे तत्त्व ठाऊक होते. बन्सीलालपेठेतील पायऱ्यांच्या विहिरीत उतरताना आभाळ दूर जाते, पण नाहीसे होत नाही. खाली उतरणाऱ्याला प्रहराचे भान राहावे, हा माणसाच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे.

तथापि, उजेड वेळ सांगतो, स्थळ सांगत नाही. येथून मंगळवार पेठेकडे जाताना मुठेचे पात्र खिडकीतून दिसते. कसब्याकडे जाणारी गाडी त्याच नदीच्या तळाखालून जाते आणि प्रवाशाला नदी ओलांडल्याचे कळतही नाही. सरकारी अंदाजपत्रकात प्रवासीसंख्येला रकाना असतो. या हरवलेल्या नदीला नसतो.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाला. कसबा आणि मंडई यांच्या अरुंद रस्त्यांवर खांब उभे राहिले नाहीत. प्रवाशाने काही गमावले, पण पेठांचे आभाळ शाबूत राहिले. सुलतान बाजारात नेमके उलटे घडले: प्रवाशाला गच्च्यांचे दर्शन मिळाले आणि दुकानदाराच्या डोक्यावर पूल आला.

भूमिगत स्थानकाची कसोटी म्हणूनच दुहेरी असावी. त्याने वर काय वाचवले आणि खाली काय परत दिले? पुण्याचे स्थानक पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होते, दुसऱ्यात अर्धेच. एमजीबीएस–चांद्रायणगुट्टा या सुमारे 7.5 किलोमीटरच्या उन्नत मार्गासाठी 2025 मध्ये जुन्या शहरातील मालमत्तांचे संपादन सुरू झाले. खर्चाच्या आकड्यांइतक्याच गांभीर्याने हे दोन प्रश्न तेथे विचारले जाणे अगत्याचे आहे.