‘ल माँ’: हौस आणि तिची किंमत

हौस म्हणजे फावला वेळ घालविण्याचें साधन, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. फ्रान्समधील चोवीस तासांच्या मोटार-शर्यतीवरील ‘ल माँ’ (१९७१) हा अमेरिकन चित्रपट ती समजूत खोटी ठरवितो. त्याचा नायक स्टीव्ह मॅक्वीन हा पेशानें नट, परंतु शर्यतींचा त्यास विलक्षण नाद होता. १९७० सालीं सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतींत, पाय प्लॅस्टरमध्यें असतां, पीटर रेव्हसनच्या जोडीनें त्यानें दुसरा क्रमांक पटकाविला होता.

चित्रपटाच्या आरंभीं बराच वेळ पात्रांस जवळजवळ संवादच नाहींत. यंत्रांचा घोष, लोकांची गर्दी आणि नायकाचें मौन ह्यांवरच सारी भिस्त आहे. हा संयम वाखाणण्याजोगा होय. शेवटींही पोर्श संघाचा विजय सहकाऱ्याच्या वांट्यास येतो. नायक फेरारीस मागें रोखून दुसरा येतो. शर्यतीचें मर्म जाणणाऱ्यासच असा शेवट सुचावा.

परंतु अपघातांत मृत झालेल्या चालकाची पत्नी नायकास ह्या साहसाचें प्रयोजन विचारते, तेव्हां मिळणारें उत्तर ऐटदार असलें तरी अपुरें वाटतें. तिचें दुःख येथें केवळ पार्श्वभूमीस लागलें आहे. प्रत्यक्ष चित्रीकरणांतही डेव्हिड पायपर ह्या चालकास एका पायाचा कांहीं भाग गमवावा लागला. हौशी माणसानें स्वतःच्या जिवावर उदार व्हावें. पण त्याच्या हौसेची किंमत इतरांसही मोजावी लागते, हें सत्य ह्या सुंदर चित्रपटानें ओझरतेंच पाहिलें आहे.